शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी

ओव्हनचं घड्याळ एक तास मागं करायला ऊर्मिला स्वयंपाकघरात आली, तेव्हा घरात कुणी उठलेलं नव्हतं. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. फोन, लॅपटॉप, नवऱ्याच्या, यशोधनच्या मनगटावरचं ते पावलं मोजणारं यंत्र, सगळी आपापली शहाणी झाली होती. ओव्हन तेवढा हट्टी. त्याची दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात, मग तो विचारात पडल्यासारखा लुकलुकतो आणि मगच ऐकतो. एकोणीस वर्षांपूर्वी हॅनोव्हरला आल्यावर पहिल्याच शरदात हा प्रकार तिला कळला, तेव्हा तिनं मुद्दाम पुण्याला फोन करून आईला सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, "वेळ म्हणजे काय खिडकीचा पडदा आहे का गं, सरकवला की सरकला?" तेव्हापासून मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये हे काम ऊर्मिलाकडे. ती ते कधी विसरली नाही. ती काहीच विसरत नसे, तिचा तसा लौकिकच होता. कुलूप दोनदा ओढून बघणारी, सगळ्यांच्या पासपोर्टच्या तारखा पाठ असणारी, पाहुणे रंगात येऊन काही सांगत असताना मध्येच त्यातलं साल दुरुस्त करणारी बाई. तिची पंधरा वर्षांची मुलगी स्वानंदी तिला ‘ट्युफ’ म्हणायची. इथे गाड्या तपासून त्यांच्यावर शिक्का मारणाऱ्या संस्थेचं नाव. ऊर्मिला वरवर चिडायची, पण आतून तिला ते आवडायचं.

मिनिट अचूक लावायचं म्हणून तिनं फोन हातात घेतला. त्यात तीन शहरांची घड्याळं होती. हॅनोव्हर, पुणे आणि गाझा. तिसरं तिनं कधीच काढून टाकायला हवं होतं, पण ते राहून गेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, एक तास पुढे. तिनं ते वाचलं, फोन ओट्यावर ठेवला, ओव्हनची बटणं दाबली, आणि बोटं तिथेच राहिली. काल. काल शनिवारी दोडका चिरताना तिनं हेच उघडून पाहिलं होतं. शुक्रवारी ड्रेस्डेनहून रीमचं पत्र आलं होतं, सातवं, आणि तिचं पत्र आलं की ऊर्मिला का कोण जाणे तिकडे किती वाजलेत ते बघायची. शुक्रवारी होतं एक तास पुढे. काल मात्र लिहिलं होतं, वेळ सारखीच. तिला वाटलं, फोनला वेड लागलंय. आणि आज पुन्हा एक तास पुढे. म्हणजे फोनला वेड लागलं नव्हतं. म्हणजे तिकडची घड्याळं शनिवारीच मागं गेली होती, आणि आपली आज, रविवारी. एक दिवस आधी. ओव्हन लुकलुकत होता. ती खुर्ची ओढून खाली बसली.

कुणाला सांगितलं तर हसेल, की घड्याळाच्या एका तासावरून एवढं काय. पण ऊर्मिलाचा पोटाचा धंदाच तो होता. पुण्याला तिनं भूगोल केला होता, उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचायला शिकली होती, आणि इथे आल्यावर चारपाच वर्षं नकाशांच्या एका कंपनीत काढून ती एका लहानशा व्हिडिओ-वृत्तसंस्थेत लागली होती. जगात जिथे जिथे काही जळतं, कोसळतं, तिथून माणसं फोनवर चित्रण करून पाठवतात. ते खरंच तिथलं आहे का आणि म्हणतात त्याच वेळचं आहे का, हे तपासायचं. जागा ओळखायची मनोऱ्यांवरून, टाक्यांवरून, गल्लीच्या वळणावरून. वेळ ओळखायची सावलीवरून. खांबाची सावली किती लांब आणि कुठल्या दिशेला, हे मोजलं की सूर्य कुठे होता ते कळतं, आणि सूर्य कुठे होता ते कळलं की किती वाजले होते ते कळतं. माणूस खोटं बोलेल, सूर्य कशाला बोलेल? हे वाक्य ती नव्या मुलांना शिकवताना हमखास टाकायची, आणि मुलं ते वहीत लिहून घ्यायची. फक्त एक गोष्ट हातानं भरावी लागे. त्या गावचं घड्याळ जगाच्या मुख्य घड्याळापेक्षा किती तासांनी पुढे आहे, तो आकडा. गाझाचा उन्हाळ्यातला आकडा तीन, हिवाळ्यातला दोन. दोन वर्षांपूर्वी, युद्धाच्या पहिल्या शरदात, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारच्या एका चित्रणासाठी तिनं तीन भरला होता. शनिवार म्हणजे अजून उन्हाळ्याची वेळ. घड्याळं रविवारी मागं जातात, हे तिच्या हाडामांसात मुरलेलं होतं. सगळीकडे रविवारीच जात असतील का, असा प्रश्न तिला पडलाच नाही, आणि असा प्रश्न पडावा म्हणूनच तर तिला पगार मिळत होता.

तिनं लॅपटॉप उघडला. त्या वर्षाच्या तारखा शोधल्या. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, शनिवार. मग आदलं वर्ष, मग पुढचं वर्ष. दोनदा बघायची सवय म्हणून तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग ते जुनं गणित, तेवढं तिच्या स्वतःच्या वहीत उतरवलेलं होतं, ते घेऊन तिनं तीनच्या जागी दोन भरला. सावली येऊन बरोबर सांगितलेल्या वेळेवर बसली. अकरा वाजून दहा मिनिटं. ते चित्रण पाठवणाऱ्या नाजीनं संदेशात लिहिलेली वेळ. मिनिटभराचाही फरक नाही. आयुष्यात इतकं नेमकं जुळलेलं गणित तिनं क्वचितच पाहिलं असेल, आणि ते जुळल्याबरोबर तिनं वही मिटली.

नाजी हम्मूदा या स्वयंपाकघरात येऊन गेला होता. महामारीच्या आदल्या वर्षी संस्थेनं सहा आठवड्यांचा एक वर्ग घेतला होता, वेगवेगळ्या युद्धांतून आठजण आले होते, आणि ऊर्मिला त्यांची मास्तरीण. नाजी अठ्ठावीसचा, बारीक, डाव्या पायानं जरा लंगडणारा. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच. "सिस्टर ऊर्मिला, सावली ज्याची घ्यायची ते दुसऱ्या दिवशी उभंच नसेल तर?" असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि तो चेष्टा करतोय की काय हे तिला कळलं नव्हतं. तिनं उत्तर दिलं, मग उपग्रहाचं जुनं चित्र घ्यायचं. त्यानं मान हलवून ते लिहून घेतलं. एका शनिवारी तिनं त्याला जेवायला बोलावलं. थालीपिठं केली होती. त्यानं स्वतःच्या पिशवीतून ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणि एक हिरवट मसाला काढला आणि थालीपिठावर इतका सढळ हातानं घातला की यशोधन म्हणाला, "अरे, हे आपल्या आज्जीला दाखवायला पाहिजे होतं." नऊ वर्षांची स्वानंदी त्याच्या कॅमेऱ्याला हात लावू का, असं जर्मनमध्ये विचारत होती आणि तो अरबीत हो म्हणत होता, आणि दोघांचं छान चाललं होतं.

त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं, पण रडगाणं म्हणून नाही, दुसऱ्या कुणाची तरी गंमत सांगावी तसं. दैर अल-बलाहमध्ये बापाचा फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो हा मुख्य धंदा; बाप म्हणायचा, ज्यांना कुठेच जाता येणार नाही त्यांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात आपण तरबेज. पोरगा पंधराव्या वर्षापासून लग्नं शूट करायला लागला. सतरा वर्षांचा असताना पहिलं युद्ध झालं, तो लग्नाचाच कॅमेरा घेऊन रस्त्यावर पळाला आणि दिवसभर शूटिंग केलं. घरी येऊन बघतो तर काय, भिंगावर नवरीचा चेहरा मऊ दिसावा म्हणून लावलेली काच तशीच होती. पडलेली घरं धुक्यात असल्यासारखी, गोड गोड दिसत होती. परदेशी संस्थेनं ते परत पाठवलं. कारण दिलं, फार सुंदर आहे. हे सांगून तो इतका हसला की ठसका लागला. मग परदेशी पत्रकारांचा वाटाड्या, मग स्वतःच बातमीदार. सरहद्दीच्या कुंपणाजवळची निदर्शनं टिपताना मांडीत गोळी. चार महिने खाटेवर पडून तो जुनी लग्नांची चित्रणं बघत बसला होता, कारण त्यातली अर्धी माणसं आता फक्त तिथेच चालतबोलत होती. "लग्न काय आणि युद्ध काय, नियम एकच," तो म्हणाला, "बॅटरी भरून ठेवायची. नेमकी महत्त्वाच्या क्षणाला दगा देते." यशोधननं त्याला सरळच विचारलं होतं, की तू इथेच का राहत नाहीस, तुझी बहीण रीम तर इथेच आहे, ड्रेस्डेनला. तो म्हणाला, "इथे मी काय शूट करू? तुमची ट्राम वेळेवर येते."

जाताना तिनं त्याला आपलं टिपण दिलं होतं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. जागा, तारीख, वेळ लिहून पाठवा. वेळ अधिकृत स्थानिक घड्याळाचीच द्या. एखाद्या उभ्या वस्तूवर कॅमेरा दहा सेकंद स्थिर धरा, सावलीसकट. आठ जणांपैकी सात जण तो कागद इथेच कुठेतरी विसरून गेले असतील. नाजीनं मात्र चार वर्षं पाळला. बाँब पडत असताना, लोक ओरडत असताना तो आधी एखादी टाकी नाहीतर खांब शोधायचा, दहा सेकंद थांबायचा, मग पुढे. ऑफिसात त्याचं चित्रण आलं की लोक म्हणायचे, ऊर्मिला, तुझा शहाणा विद्यार्थी आला. त्या शनिवारीही तो गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाकीसमोर दहा सेकंद थांबला होता. आणि घड्याळ मागं गेलेल्या पहिल्याच सकाळी, दूरध्वनी बंद, वीज नाही, पाणी नाही, अशात या माणसानं आठवणीनं आपलं घड्याळ एक तास मागं केलं होतं. कारण अधिकृत स्थानिक वेळच द्यायची, असं सिस्टर ऊर्मिलानं सांगितलं होतं. हा विचार मनात आला तेव्हा ती कपाट उघडून चहाचा डबा शोधत होती, आणि डबा हातातच होता.

चित्रण सोमवारी तिच्याकडे आलं, कारण दोन दिवस तिकडचं जाळंच बंद होतं. त्या भागात हल्ला सकाळी झाला की दुपारी, यावर कुणाचं म्हणणं खरं हे ठरायचं होतं, म्हणून सगळे वेळेलाच धरून बसले होते. तिनं सावली मोजली. बारा वाजून दहा मिनिटं. तो म्हणतो अकरा दहा. तिनं पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली, रात्री घरी येऊन चौथ्यांदा. आपल्या माणसाच्या बाबतीत ढिलाई नको म्हणून उलट जास्तच कसून तपासलं, आणि प्रत्येक वेळी तोच चुकीचा आकडा त्याच घरात भरला. मग एक ओळ लिहिली. दिलेली वेळ ग्राह्य धरता येत नाही. बस, एवढीच. जर्मनमध्ये तर ती आणखी लहान होती. त्या ओळीनं चित्रण थांबलं, त्याचं नाव लाल यादीत गेलं, आणि पुढे ती ओळ कुठून कशी बाहेर फुटली कोण जाणे, जगभर फिरली. बघा, जर्मन संस्थाच म्हणते हा खोटारडा आहे. मग ज्या दोन-तीन ठिकाणी तो चित्रण द्यायचा त्यांनीही हात आखडले. त्याची तीन पत्रं आली. पहिल्यात त्यानं लिहिलं होतं, माझी वेळ बरोबर आहे, कृपया पुन्हा पाहा. तिनं पाहिलं आणि तेच उत्तर दिलं. दुसऱ्यात लिहिलं होतं, सिस्टर, तुम्ही मला ओळखता. त्यावर तिनं उत्तरच दिलं नाही, कारण ओळखणं हा पुरावा नव्हे, असं ती वर्गात शिकवत असे. तिसऱ्यात फक्त, मी खोटं बोललो नाही. पुढच्या मार्चमध्ये पाण्याच्या रांगेत उभा असताना तो मारला गेला. कॅमेरा बरोबर नव्हता. संस्थेनं दोन ओळींची बातमी दिली, ‘पूर्वी आमच्याशी संबंधित असलेले’ अशी, आणि ती ऊर्मिलाच्याच डोळ्यांखालून गेली. तिनं त्यात त्याचं वय तेहेतीसचं बत्तीस केलं होतं.

यशोधन उठून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, रोज आगगाडीनं जायचा-यायचा, आणि कुठल्याही दुःखाकडे तो आधी बिघाड म्हणून बघायचा. त्यानं वही मागितली, गणित पाहिलं, दोन घड्याळांच्या तारखा पाहिल्या. मग वही मिटून बाजूला ठेवली.

"हे बघ, तू एकटी नव्हतीस. सेकंड चेक कुणीतरी केला असेल ना?"

"माझ्यावर सेकंड चेक कुणी करत नाही."

"मग ती प्रोसेसची चूक आहे. आमच्याकडे आम्ही रूट कॉज लिहितो आणि पुढे जातो. अगं, तिथे वॉर चालू होतं, ऊर्मिला. तुझ्या एका लाइननं काय झालं असतं? तो तसाही..." तो थांबला.

"तसाही काय?"

"तसं म्हणायचं नव्हतं मला."

"पण बरोबर आहे तुझं. तो तसाही गेला असता," ती म्हणाली. "पण खोटारडा म्हणून गेला नसता."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता आणि तिला तो नकोसा झाला. स्वानंदी कानात इअरफोन घालून आली, दोघांकडे बघून काय झालं म्हणून विचारू लागली, "वास इस्ट लोस?" काही नाही, असं ऊर्मिलानं मराठीत सांगितलं, आणि पोरगी दूध घेऊन परत गेली. सगळा रविवार तसाच गेला. एक तास जास्तीचा मिळालेला, इथे त्याला सगळे भेट मिळाल्यासारखे खूश असतात. शेजारचे पद्माकर आणि नंदा फिरायला बोलवायला आले, आयलेनरीडच्या जंगलात पानं काय रंगलीत म्हणाले, आणि ती गेलीही. झाडांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या आणि तिचं डोकं तिच्या परवानगीशिवाय मोजत होतं. दोन वाजून चाळीस. तिनं खिशातला फोन पाहिला, दोन वाजून बेचाळीस. आयुष्यभर तिला या गोष्टीचा अभिमान वाटत आला होता. नंदा भोपळ्याच्या घारग्यांविषयी सांगत होती. या हुशारीनं आपण एका माणसाचं नाव पुसलं, असा विचार ऊर्मिलाच्या मनात इतका सरळ आला की तिला वाटलं आपण तो मोठ्यानं बोललो. नंदा अजून घारग्यांवरच होती. मग रांगेत उभा असलेला नाजी तिला दिसायला लागला. तिनं ती रांग पाहिली नव्हती, त्याचं कुठलं चित्रणही नव्हतं. पण डबे हातात घेतलेली माणसं, त्यातला एक लंगडा, आणि आजूबाजूचे दोघेतिघे त्याच्याकडे बघून कुजबुजताहेत, हाच तो, जर्मनांनी पकडला तो, असं तिला दिसत राहिलं. तसं झालंही नसेल. लोकांना तहान लागली होती, त्यांना कशाची शुद्ध. पण त्याच्या मनात तर असेलच ना, की ही लोकं काय म्हणत असतील. पाण्याचा डबा धरून उभं राहताना ते त्याच्या मनात होतं, आणि ते तिनं घातलेलं होतं. एवढं तरी तिला कुणी तपासून द्यायला नको होतं.

आता निदान एक करता येण्यासारखं होतं. दुरुस्ती. ओळ जिथून सुटली तिथूनच दुसरी ओळ सोडायची, नाव घालून, चूक आमची होती, वेळ त्याची बरोबर होती. रीमनं सात पत्रांतून हेच तर मागितलं होतं, हे आणि त्या चित्रणाची एक प्रत. नाजीचा फोन त्याच्याबरोबरच गेला होता, दुसरीकडे कुठेच ते उरलं नव्हतं. प्रत्येक पत्राला संस्थेकडून एकच ठरलेलं उत्तर जायचं, सत्यापन न झालेलं साहित्य बाहेरच्यांना देता येत नाही, आणि खाली सही ऊर्मिलाची. रविवारी रात्री ती झोपली की नाही कुणास ठाऊक. सोमवारी सकाळी मात्र तिनं नीट केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि गणिताची वही पिशवीत घालून ट्राममध्ये बसली. तिच्या मनात थोडी उमेदही होती. नोकरी गेली तरी चालेल, एवढ्यापर्यंत ती आली होती.

तिची वरिष्ठ, फ्राउ ब्रांट, चांगली बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही, वहीसुद्धा पाहिली. "ऊर्मिला, तुम्ही प्रामाणिक आहात," ती म्हणाली, "मला याचा आदर आहे. आल्झो, तर मग आपण काय करू शकतो ते बघू." तिनं संगणकात जुना क्रमांक घातला. मग पडदा ऊर्मिलाकडे वळवला. तिथे फक्त क्रमांक होता, तिची ती ओळ होती, आणि तिच्यापुढे एप्रिलमधली एक तारीख. सत्यापन न झालेलं साहित्य दीड वर्षानं पुसलं जातं. लोएशफ्रिस्ट, म्हणजे पुसण्याची मुदत, संपली होती. कुणी पुसलं नव्हतं, आपोआप पुसलं गेलं होतं.

"पण माझ्याकडे मापं आहेत," ऊर्मिला म्हणाली. "टाकीची उंची, सावलीची लांबी, दिशा. सगळी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्याकडे मापं आहेत. पण मूळ चित्रण नाही. दुरुस्ती द्यायची तर दुसऱ्या कुणीतरी ते पुन्हा तपासायला हवं, हा नियम. तुम्हीच लिहिलाय." फ्राउ ब्रांट हे टोचून बोलली नव्हती. तिचा आवाज खाली आला होता. "जे नाही ते मी खरं आहे असं कसं जाहीर करू? मी आतल्या नोंदीत एक टिपण घालते. तुमच्या नावानं. तेवढं करता येईल."

"ते कोण वाचणार?"

"कुणी नाही," फ्राउ ब्रांट म्हणाली. मग तिनं ऊर्मिलाला कॉफी विचारली, आणि ऊर्मिला नको म्हणाली.

जेवणाच्या सुटीत ती बाहेर पडली आणि मॅश तळ्याच्या काठाकाठानं चालत राहिली. कोरडं, पांढुरकं ऊन होतं. तळ्यावर एक म्हातारा बदकांना काही घालत होता आणि बदकं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिच्या मनात आलं, कुणाला सांगितलंच नाही तर? यशोधन बोलणार नाही. फ्राउ ब्रांटचं टिपण कुणी उघडणार नाही. रीमला काही माहीत नाही; ती आठवं पत्र लिहील, त्यालाही ठरलेलं उत्तर जाईल, मग कधीतरी ती दमेल. माणसं दमतात. हा विचार तिनं दहा-पंधरा पावलं मनात घोळवला, आणि तो किती सोयीचा आहे हे बघून तिला स्वतःची किळस आली. बाकावर बसून तिनं पत्राखालचा नंबर लावला. रीम दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये काम करायची, मागं यंत्राची घरघर येत होती. ऊर्मिलानं नाव सांगितल्यावर घरघर थांबली. दोघी जर्मनमध्ये बोलत होत्या, दोघींचीही ती आपली भाषा नव्हती, त्यामुळे वाक्यं लहान लहान होत होती.

ऊर्मिलानं सांगितलं. घड्याळाचं, शनिवारचं, तीनचं आणि दोनचं. कुठेही स्वतःला पदराखाली घेतलं नाही. तुमच्या भावाची वेळ बरोबर होती, चूक माझी होती, एवढं म्हणून ती थांबली.

"हे मला माहीत होतं," रीम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ऊर्मिलाला धरायला काही मिळेना. "तुम्ही हे लिहून जाहीर करणार?"

"नाही करता येणार." आणि का नाही, तेही तिनं सांगितलं. चित्रण पुसलं गेलंय, हेही.

"तुम्ही ते किती वेळा पाहिलंत?" रीमनं विचारलं.

"चाळीसेक वेळा. जास्तच."

"मग आता ते तुमच्यापाशीच आहे. मला सांगा. सुरुवातीपासून."

ऊर्मिलानं डोळे मिटले आणि सांगायला लागली. ते तिला करता येत होतं. गच्ची, काळी टाकी, टाकीला निळ्या दोरीनं बांधलेला नळ. दहा सेकंद. मग कॅमेरा उजवीकडे वळतो, कठड्यावर वाळत घातलेले लहान मुलांचे तीन कपडे, त्यांवर धूळ. खाली रस्ता. माणसं हातानं दगड उचलतायत, एकजण पितळी परात घेऊन माती काढतोय. एक बाई गालिचा खांद्यावर टाकून उलट्या दिशेनं चालली आहे. मग तो जिना उतरतो, भिंतीला हात लावत, डावा पाय आधी. रीम मध्येच म्हणाली, हो, डावा आधी. मग रस्ता, मग खूप पाय, मग कॅमेरा हलतो, आणि शेवटी तो कॅमेरा स्वतःकडे वळवतो. चेहरा पांढरा पडलेला, धुळीनं. भुवईपाशी खरचटलंय. तो बोलतो. अकरा सेकंद बोलतो, मध्ये एकदा थांबून मागं बघतो, मग आणखी दोन-तीन शब्द. मग संपतं.

"काय बोलतो?" रीमनं विचारलं.

ऊर्मिलानं डोळे उघडले. ऑफिसातल्या मानसोपचाराच्या बाईंनी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, माणसाच्या मनाला चित्रापेक्षा आवाज जास्त बाधतो, आवाज बंद करून काम करत जा. सगळे तसंच करायचे. वेळ आणि जागा पटली की मगच चित्रण अरबी जाणणाऱ्या सहकाऱ्याकडे जायचं, आवाज तो ऐकायचा. हे पटलं नव्हतं, म्हणून ते त्याच्याकडे गेलंच नाही. ती काहीही सांगू शकली असती. तुमचं नाव घेतलं, असं म्हणाली असती तरी रीमला ते खोटं आहे हे कधीच कळलं नसतं, आणि तसं म्हणावं असं तिला इतकं वाटलं की शब्द ओठांपर्यंत आले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी आवाज बंद ठेवून पाहिलं होतं."

"चाळीस वेळा?"

"हो. दर वेळी."

"आणि दुसऱ्या कुणी ऐकलं?"

"कुणीच नाही."

पलीकडे कुणीतरी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि लगेच बंद केलं. रीमचा श्वास ऐकू येत होता. ती रडत नव्हती. काहीतरी समजून घ्यायचं राहिलंय आणि ते नीट समजून घ्यावं, अशा आवाजात तिनं विचारलं, "मग तो खोटं बोलतोय, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"सावलीवरून," ऊर्मिला म्हणाली.